तिसऱ्यांदा नीट? आधी लोणारचा गाळ बघा

नीटचा निकाल लागला की नागपूरच्या मनीषनगरातले पालक एकच प्रश्न घेऊन येतात: "मॅडम, थोडक्यात हुकलं. अजून एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यायचा का?" पहिल्या ड्रॉपला मी विचार करून उत्तर देते. तिसऱ्या प्रयत्नाला माझं उत्तर 'नाही' असंच असतं. 2024 मध्ये सुमारे 23 लाख मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. एवढी मुलं बाहेर राहणारच होती. त्यासाठी घरातल्या पोराला अपराधी ठरवू नका.

डेंटल, आयुर्वेद, फार्मसी, नर्सिंग यांची माहिती कुठेही मिळते. मला बोलायचंय ते जीवशास्त्र खरंच आवडणाऱ्या, पण डॉक्टरकीची ओढ नसलेल्या मुलांबद्दल. अशी मुलं बरीच असतात. घरात ते बोलायची त्यांची हिंमत होत नाही.

त्यांनी हवेविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बघावं. गायीच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या चिखलात मिथेन तयार करणारे जीव राहतात. ते जिवाणू नाहीत, आर्किया आहेत. आर्किया हा सजीवांचा वेगळाच गट आहे, हे कार्ल वूज यांनी 1977 मध्ये दाखवलं. मिथेन बनवणारे हे जीव ऑक्सिजन लागला की मरतात, म्हणून नेहमीच्या काचेच्या बशीत ते वाढत नाहीत. रॉबर्ट हंगेट यांनी 1950 च्या सुमारास ऑक्सिजन काढून टाकलेल्या बंद नळीत असे जीव वाढवायची पद्धत बसवली. ती आजही वापरात आहे.

तरीही निसर्गातले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत कुणीच वाढवू शकलेलं नाही. त्यांचा फक्त डीएनए सापडतो. जपानी संशोधकांनी 2006 मध्ये समुद्रतळाचा गाळ आणला आणि त्यातला एक आर्किया वाढवून 2020 मध्ये जगापुढे मांडला. त्याची संख्या दुप्पट व्हायला 14 ते 25 दिवस लागतात आणि तो वाढला तोही मिथेन बनवणाऱ्या जोडीदाराच्या सोबतीनं.

हे काम आपल्याकडेही होतं. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी गाळातून मिथेन बनवणारे आर्किया वेगळे काढल्याचं पुण्याच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलं. अशा कामासाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. नागपुरात, मनीषनगरपासून काही किलोमीटरवर नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. सांडपाणी आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस बनवण्याचं काम याच जीवांच्या जोरावर चालतं. उन्हाळ्यात नागपूरच्या भांडेवाडी डेपोतला कचरा पेटतो, त्यातही कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनचा वाटा असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट उष्णता अडवतो. या जीवांची जाण असलेली माणसं शहराला हवी आहेत.

वाट अशी: बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घ्या आणि सोबत रसायनशास्त्र सोडू नका. मग सीयूईटी-पीजी, गॅट-बी किंवा आयआयटी जॅम देऊन एमएस्सी करा, त्यानंतर नेट. नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. पीएचडीपर्यंत नऊ-दहा वर्षं सहज जातात. एक कल्चर वाढायला महिने लागतात आणि कधी ते वाढतच नाही. ज्याला पंचविशीत मोठा पगार हवा, त्यानं इकडे येऊ नये.

पालकांना माझं स्पष्ट सांगणं आहे. काका-मामांसमोर मुलाचे मार्क वाचणं आजच बंद करा. 'शेजारच्याचा एम्सला लागला' हे वाक्य घरात नको. चौथ्या वर्षाच्या ट्यूशनची फी भरण्याआधी मुलाला एकटं बसवून विचारा की त्याला रुग्ण तपासायचे आहेत का. तो गप्प राहिला, तर ते उत्तर 'नाही' समजा.

नीरी ही सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेची संस्था आहे; 26 सप्टेंबरला या परिषदेचा स्थापना दिवस असतो. त्या सुमारास तिच्या संस्था विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवतात. नीरीत चौकशी करा, मुलाला घेऊन जा, आणि तिथे प्रश्न त्यालाच विचारू द्या.