बदकशिकारीचे ग्रंथ : संग्रह, आस्वाद आणि वाचकाची अडचण

शिकारकथा म्हटली की मराठी वाचकाच्या मनात प्रथम वाघ येतो. मचाण, बांधलेला बोकड, अंधारात चमकणारे डोळे आणि अखेरीस शिकाऱ्याच्याच जिवावर बेतलेला क्षण, असा या कथेचा साचा ठरून गेला आहे. जिम कॉर्बेटच्या कथा जगभर वाचल्या गेल्या यात त्याच्या लेखणीचा वाटा मोठा आहेच. पण नरभक्षक वाघ मारणे हे लोकरक्षणाचे काम असल्याने वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीलाही तेथे फारसा त्रास होत नाही. बदकाच्या शिकारीला यांपैकी कोणताच आधार नाही. बदक कोणावर चालून येत नाही, गावाला त्याची भीती नसते, आणि शिकाऱ्यावरचे मोठ्यात मोठे संकट म्हणजे ओले मोजे किंवा उलटलेली होडी. तरीही इंग्लंड आणि अमेरिकेत या विषयावर दोनशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथ निघत आले, ते जमवणारे संग्राहक निर्माण झाले, आणि ज्यांनी आयुष्यात बंदूक हाती धरली नाही असे वाचकही त्यांत आहेत. या वाचकाला त्या ग्रंथांत काय मिळते, आणि ते मिळताना त्याला कोणत्या अडचणीला तोंड द्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या परंपरेच्या आरंभी पीटर हॉकर (1786–1853) उभा आहे. 1809 मध्ये टालाव्हेराच्या लढाईत मांडीला जखम होऊन सैन्यातून परतलेल्या या अधिकाऱ्याने 1814 मध्ये 'इन्स्ट्रक्शन्स टू यंग स्पोर्ट्समेन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. संग्राहक सामान्यतः पहिल्या आवृत्तीमागे धावतो; हॉकरच्या बाबतीत ती घाई योग्य नाही. चकमकीची बंदूक जाऊन टोपीची बंदूक आली ती याच काळात, आणि ग्रंथाच्या आवृत्त्याही त्याबरोबर बदलत गेल्या. दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर एका तंत्राचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय पानापानांतून दिसतो. एकच प्रत, मग ती कितीही दुर्मीळ असो, हे दाखवू शकत नाही.

हॉकरची दैनंदिनी मात्र अधिक महत्त्वाची. 1802 पासून त्याने ती लिहिली आणि राल्फ पेन-गॉलवे यांनी संपादित केलेले तिचे दोन खंड 1893 मध्ये प्रसिद्ध झाले. हॅम्पशरच्या किनाऱ्यावरील कीहेवन येथे चपट्या होडीवर बसवलेल्या प्रचंड बंदुकीने पाण्यावर बसलेल्या थव्यावर एकाच बारात छर्रे सोडण्याची जी रीत होती, तिचा हा तपशीलवार दस्तऐवज आहे. हंगाम संपला की हॉकर हिशेब मांडतो : अमुक पक्षी इतके, तमुक इतके. त्याच दैनंदिनीत संगीताच्या मैफिली आहेत, प्रवास आहेत, आजारपण आहे. हॉकर उत्तम पियानो वाजवी आणि पियानो शिकणाऱ्यांच्या हातांना वळण लावणाऱ्या एका साधनाचे पेटंटही त्याने घेतले होते. सुरांबाबत इतका हळवा असलेला हा माणूस पहाटेच्या पाण्यावरील पक्ष्यांचे आवाज अंतर अजमावण्यासाठी ऐकतो. क्रौर्य आणि रसिकता या दोन वेगळ्या व्यक्तींच्या वृत्ती असतात, ही वाचकाची सोयीची समजूत येथे टिकत नाही. खुद्द हॉकरला यात काही विसंगती वाटल्याची खूण सापडत नाही, आणि म्हणूनच आकड्यांच्या त्या ओळी आज बेचैन करतात.

संपादक पेन-गॉलवे यांचा स्वतःचा 'द बुक ऑफ डक डिकॉइज' (1886) हा ग्रंथही संग्रहात हवाच. त्याचे एक कारण शब्दार्थाचे आहे. 'डिकॉय' म्हणजे मुळात पक्षी धरण्याचे तळे. तळ्याच्या कडांपासून निघणारे, वळत वळत अरुंद होत जाणारे जाळीने झाकलेले चर, बोरूच्या ताट्यांचे आडोसे, आणि त्या आडोशांमधून मधूनच दिसणारा शिकवलेला कुत्रा. कुतूहलाने त्याच्या मागे जाणारी बदके चरात शिरतात आणि टोकाला अडकतात. ही पद्धत इंग्लंडने हॉलंडकडून घेतली. अमेरिकेत मात्र तोच शब्द लाकडाच्या कोरीव बदकाला लागला. पाण्यावर तरंगणारी ती खोटी बदके पाहून वरून जाणारा थवा खाली उतरतो. जोएल बार्बर या वास्तुरचनाकाराने 'वाइल्ड फाउल डिकॉइज' (1934) लिहून या लाकडी बदकांकडे लोककला म्हणून पाहायला शिकवले. फसवणुकीचे साधन संग्रहालयात जाऊन बसले ते येथपासून. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत शिकारीसाठी जिवंत बदके बांधून ठेवण्यावर बंदी आली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

एक व्यावहारिक मुद्दा. ड्यूई दशांश पद्धतीच्या ग्रंथालयात शिकार 799 मध्ये जाते, पक्षी 598 मध्ये, आणि लाकडी बदके हस्तकलांबरोबर 745 मध्ये. म्हणजे एकाच पाणथळीतून निघालेली ही तीन पुस्तके तीन दालनांत विखुरतात आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते कोणाच्या लक्षात येत नाही. खासगी संग्राहकाच्या फळीवर ती शेजारी येतात. हौशी संग्रहाला समीक्षेच्या दृष्टीने जे मोल आहे, ते या शेजारामुळे.

1934 हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. अवर्षण आणि धुळीच्या वादळांनी उत्तर अमेरिकेतील पाणथळी आटल्या होत्या, बदकांची संख्या खाली गेली होती. त्या वर्षी शिकाऱ्यांसाठी पहिले 'डक स्टॅम्प' निघाले. किंमत 1 डॉलर, आणि चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराचे. तिकिटाच्या पैशातून पाणथळी राखायच्या, ही योजना. त्याच वर्षी यूजीन कॉनेट यांच्या डेरीडेल प्रेसने नॅश बकिंगहॅमचा 'डी शूटिनेस्ट जंटमन' हा कथासंग्रह अवघ्या 950 प्रतींत काढला. डेरीडेलची मर्यादित प्रतींची पुस्तके उत्तम कागद, उत्तम बांधणी आणि क्रमांकित प्रत यांसाठी नावाजली गेली. पक्षी दुर्मीळ झाले आणि त्यांच्याविषयीचे पुस्तकही मुद्दाम दुर्मीळ केले गेले. हॉकरचा आकडा मारलेल्या पक्ष्यांचा होता. येथे तो प्रतीच्या क्रमांकात आला. संग्राहकानेही ताळेबंद मांडण्याची शिकाऱ्याची सवय उचलली, असे म्हटल्यास ते थोडे बोचरे होईल, पण चुकीचे होणार नाही.

बकिंगहॅमची शीर्षककथा प्रथम 1916 मध्ये नियतकालिकात आली होती. मिसिसिपीतील बीव्हर डॅम या तळ्यावरचा कृष्णवर्णीय वाटाड्या होरेस हा तिचा निवेदक. कॅप्टन हॅरल्ड मनी या इंग्रज नेमबाजाच्या कौशल्याची हकीकत तो आपल्या बोलीत सांगतो. कथा विनोदी आहे, तिची लय मोहक आहे, आणि शिकारसाहित्याच्या बहुतेक निवडक संग्रहांत ती मानाने येते. मराठीतील बोलीभाषेच्या साहित्याशी परिचित असलेल्या अभ्यासकाने मात्र येथे थांबावे. बोली होरेसची, पण ती उतरवून घेणारा हात गोऱ्या क्लब-सदस्याचा आहे. होरेसच्या तोंडी कौतुक आहे ते साहेबांच्या नेमाचे. वल्हे मारणारा, खोटी बदके पाण्यात सोडणारा, पडलेला पक्षी हुडकून आणणारा तो. त्याला स्वतःविषयी काही सांगायचे असेल, तर ते कथेत येत नाही. बोलीचा गोडवा आणि बोलणाऱ्याचे स्थान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून वाचण्याची शिस्त ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेने मराठी वाचकाला लावली आहे. ती येथे उपयोगी पडते. कथा त्यामुळे नाकारावी लागत नाही. तिचा आस्वाद मात्र निर्वेध राहत नाही.

या साहित्यातील खरा रस कोणता, याचे उत्तर गॉर्डन मॅक्वारी या विस्कॉन्सिनच्या पत्रकाराच्या कथांत मिळते. 1956 मध्ये त्याचे निधन झाले आणि 'स्टोरीज ऑफ द ओल्ड डक हंटर्स' हे संकलन 1967 मध्ये निघाले. 'ओल्ड डक हंटर्स असोसिएशन, इन्क.' ही त्याने कल्पिलेली संघटना. तिच्या नावातील 'इन्क.' म्हणजे नोंदणीकृत संस्था नसून कधीही न सुधारणारे लोक, असा त्यातला विनोद. संघटनेचे 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणजे लेखकाचे सासरे. सासरा आणि जावई यांचे असे थट्टेचे मैत्र मराठी साहित्यात क्वचितच भेटते! या कथांत प्रत्यक्ष गोळीबाराला जागा थोडी. वारा कोणीकडून आहे, तळ्याच्या कोणत्या टोकाला बसायचे, खोपटातली शेगडी पेटते की नाही, थंडीने बधिर झालेली बोटे, आणि आकाशाकडे लावलेली नजर. बदके आली नाहीत तरी कथा घडते. प्रतीक्षा हाच येथे आशय आहे. हे एकदा ध्यानात आले की हॉकरच्या दैनंदिनीतही आकड्यांच्या आधीची ओळ, म्हणजे हवामानाची आणि वाट पाहण्याची नोंद, वेगळ्या अर्थाने वाचता येते. बंदूक न धरणारा वाचक या ग्रंथांत रमतो तो तेथे.

परंतु प्रतीक्षेचा रस मान्य केला म्हणून तिच्या शेवटी होणारा आवाज पुसला जात नाही. या प्रश्नाला परंपरेच्या आतूनच भिडणारा लेखक पीटर स्कॉट. दक्षिण ध्रुवाहून परतताना 1912 मध्ये मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा, तरुणपणी कडवा बदकशिकारी. 'मॉर्निंग फ्लाइट' (1935) आणि 'वाइल्ड कोरस' (1938) हे त्याचे चित्रमय ग्रंथ संग्राहकांच्या खास आवडीचे. त्यांतील पक्षी बहुधा उडत असतात, पहाटेच्या किंवा मावळतीच्या आकाशात. पण हे उडणे पाहिले आहे ते बंदूकधाऱ्याच्या आडोशातून. 'दि आय ऑफ द विंड' (1961) या आत्मचरित्रात त्याने मनपालटाविषयी लिहिले आहे. जखमी होऊन, माणसाला जाता येणार नाही अशा चिखलात पडलेल्या एका पक्ष्याचा प्रसंग त्यात येतो. बंदूक त्या क्षणी फेकून दिली गेली नाही. ती हळूहळू सुटली. 1946 मध्ये त्याने स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली. शिकाऱ्याने आडोशात बसून कमावलेले ज्ञान तेथे पक्ष्यांच्या बाजूने वापरले गेले. याला पश्चात्तापाची कथा म्हणणे सोपे आहे. तथापि 'मॉर्निंग फ्लाइट'ची चित्रे पाहिल्यावर प्रेम आधीपासूनच तेथे होते आणि ते बंदुकीशेजारी सुखाने नांदत होते, हे कबूल करावे लागते.

या ग्रंथपरंपरेची एक शाखा भारतातही वाढली. ए. ओ. ह्यूम आणि मार्शल यांचा 'द गेम बर्ड्स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन' (1879–81) तीन खंडांत कलकत्त्याहून निघाला. बदके तिसऱ्या खंडात. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. भारतीय पक्ष्यांवरील त्यांची मोठी हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली, ही हकीकत कोणाही संग्राहकाच्या काळजाला घर पाडील. स्टुअर्ट बेकर यांचा 'दि इंडियन डक्स अँड देअर अलाइज' (1908) मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी निगडित. त्याची मांडणी आधी सोसायटीच्या नियतकालिकात झाली होती. नवख्या संग्राहकाने डग्लस ड्यूअरच्या 'बॉम्बे डक्स' (1906) या शीर्षकाला मात्र भुलू नये. त्यात नित्याचे पशुपक्षी आहेत, आणि शीर्षकातील बदक म्हणजे आपला बोंबील.

भारतीय शाखेतील सर्वांत प्रखर संहिता पुस्तकात नाहीच. ती भरतपूरच्या केवलादेव येथे दगडावर कोरलेली आहे. संस्थानी काळातील शिकारींच्या तारखा, पाहुणे आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीपुढे 4,273 हा आकडा आहे. हॉकरच्या ताळेबंदाची ही शिलालेखीय आवृत्ती. फरक इतकाच की यातून हवामान, प्रतीक्षा, बधिर बोटे सगळे गळून गेले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि 1985 मध्ये या पाणथळीचा जागतिक वारशात समावेश झाल्यानंतर, तोच दगड दुर्बीण घेऊन आलेले प्रवासी वाचतात. मजकुराचे एक अक्षर बदललेले नाही. वाचक बदलल्याने गौरवाचा लेख आरोपपत्र झाला आहे.

मराठी वाचकाला या सर्व ग्रंथांत आणखी एक उणीव जाणवते. रामायणाच्या आरंभी क्रौंचवध आहे, आणि काव्य जन्मते ते मागे उरलेल्या मादीच्या आक्रोशातून. रघुनाथपंडितांच्या 'नल-दमयंती स्वयंवराख्याना'त नलाच्या हाती सापडलेला हंस चक्क बोलतो, आपल्या घरच्या माणसांचे दुःख सांगतो, आणि राजा त्याला सोडून देतो. बदकशिकारीच्या इंग्रजी ग्रंथांत पक्ष्याला असे बोलणे नाही. त्याचा आवाज तेथे असतो, पण तो शिकाऱ्याच्या तोंडातील लाकडी पिपाणीतून निघतो आणि थव्याला खाली बोलावण्यासाठीच असतो.

हंसाला वाचा देण्याची ही रीत आधुनिक मराठी निसर्गलेखनाने पुढे चालवली नाही. तिने नाव देण्याचे काम अधिक केले. नवेगाव बांधच्या पाणथळीजवळ वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली (निधन 2025) यांचा 'पक्षिकोश' या दृष्टीने ह्यूमच्या तिसऱ्या खंडाशेजारी ठेवावा. दोन्हीकडे पक्ष्यांची देशी नावे आस्थेने टिपलेली आहेत. हळदी-कुंकू बदक हे नाव पिवळ्या टोकाच्या चोचीवरील लाल ठिपके ज्याने अगदी जवळून पाहिले त्याचेच असणार. थापट्या, तलवार बदक ही नावेही तशीच. ही नावे पाण्यावर फासे आणि जाळी लावणाऱ्यांनी, कोळ्यांनी, बांधावरच्या राखणदारांनी रूढ केली असावीत. मिसिसिपीच्या होरेसचे निदान नाव तरी कथेत आले. भरतपूरच्या दगडावर पाहुण्यांची नावे आहेत. पाण्यात उतरून चार हजारांवर पक्षी गोळा करणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाही.