मधला खांब काढला तर?

निमगाव सावाहून जुन्नरला गेलात, म्हणजे जुन्या पेठेतून एक फेरी मारा. नव्या इमारतींच्या दाटीत एखादे जुने लाकडी दुकान दिसते का पाहा. पुढे दगडी ओटा, आत दुकान, वर माडी. अशा दुकानाला पूर्वी फळ्यांचे दार असे. सकाळी एकेक फळी खाचेतून सरकवून काढायची, रात्री क्रमाने लावायची. क्रम चुकला की शेवटची फळी बसलीच नाही म्हणून समजा!

माडीचे ओझे मातीच्या भिंती पेलतात, असे तुम्हांला वाटेल. पण पुष्कळदा भिंत नुसता आडोसा असते. ओझे तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून दगडी तळखड्यांवर येते. तळखड्यामुळे लाकूड ओल्या जमिनीला टेकत नाही व बुडाशी लवकर कुजत नाही.

दोन खांबांमधील जागेला 'खण' म्हणतात. हे खण इतके लहान का बरे ठेवीत? प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा. पुस्तकांत १२ सें. मी. अंतर ठेवून पट्टीच्या मध्यावर २०० ग्रॅमचे वजन ठेवा आणि पट्टी किती वाकते ते मोजा. आता अंतर २४ सें. मी. करा. वजन तेच, पण बाक सुमारे आठपट! माडीवर धान्याची पोती सारखी पसरलेली असतील, तर खण दुप्पट होताच तुळईवरचे वजनही दुप्पट होते. म्हणजे बाक सोळापट!

म्हणूनच रुंद शटरसाठी मधला खांब काढणे धोक्याचे असते. माडी लगेच कोसळेल असे नाही, आणि फसगत होते ती इथेच. सतत ओझ्याखाली असलेले लाकूड वर्षानुवर्षे थोडेथोडे वाकत राहते. माडीच्या खिडक्या नीट लागेनाशा होतात, तेव्हा कुठे शंका येते.

इंग्लंडमधील जुन्या बाजारपेठांतही हाच प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात दुकानदारांना काचेच्या मोठ्या खिडक्या हव्या झाल्या, तेव्हा वरचे मजले पेलण्यासाठी लोखंडी तुळया आणि बारीक ओतीव खांब वापरले गेले. आपल्याकडेही खांब हलवायचाच असेल, तर आधी माडीला भक्कम टेकू आणि मग हिशेबाने निवडलेला लोखंडी गर्डर हवा. हा हिशेब अभियंत्याने करावयाचा, अंदाजाने नव्हे.

आता तीच फूटपट्टी कडेवर उभी धरून वजन ठेवा. बाक जवळजवळ दिसेनासा होतो. गर्डर रुंदीपेक्षा उंच का असतो, ते आता तुम्हीच सांगा.