मान वाकडी झाली, ती बाधा नव्हे



गेल्या पावसाळ्यात उल्हासनगरच्या एका वस्तीतून आम्हाला रात्री बोलावणं आलं. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, जीन्सच्या कारखान्यात कामाला. दोन महिन्यांपासून त्याच्या कानात आवाज येत होते, शेजारी आपल्याला मारायला टपलेत असं वाटायचं, झोप उडाली होती. घरच्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं, हे चांगलंच केलं. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला पिळली गेली, डोळे वर चढले, बोलता येईना. नात्यातल्या कुणीतरी म्हणालं, हे बाहेरचं आहे. गोळ्या कचऱ्यात गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा उंबऱ्यावर कापलेलं लिंबू होतं आणि भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब.

आम्ही त्याला रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. भूत इंजेक्शनने पळत नाही. मग हे काय होतं?

त्याला हॅलोपेरिडॉल सुरू होतं. दुकानात ते सेरेनेस या नावानेही मिळतं. 1958 साली बेल्जियममध्ये शोधलेलं हे जुनं, स्वस्त औषध आहे. कानातले आवाज, खोटा संशय, उन्मादाचा झटका यांवर ते चांगलं काम करतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, त्याचं काम ही गोळी अडवते, म्हणून आवाज हळूहळू विरतात. पण स्नायूंची हालचाल सुरळीत ठेवायलाही तेच डोपामिन लागतं. तिथेही ते अडलं की मान, जबडा, जीभ, डोळे यांचे स्नायू आखडतात. तरुण मुलांमध्ये हे जास्त दिसतं, तेही पहिल्या काही दिवसांत. उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रामाइड या गोळीनेही काहींची मान अशीच वळते. उलटीच्या गोळीने कुणाच्या अंगात येत नाही, एवढं तर आपल्याला पटतं ना?

असं झालं तर थेट दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबू नका. पुढे डॉक्टर गोळी कमी करतात, सोबत पॅसिटेन देतात किंवा रिस्पेरिडोन, ओलान्झापिनसारखं दुसरं औषध देतात. त्यांनी आखडणं सहसा कमी होतं, पण ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते, म्हणून ती तपासत राहावी लागते. पॅसिटेन मनाने वाढवू नका. त्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, विसरायला होतं.

दुसरा त्रास जास्त फसवा. माणूस एका जागी बसू शकत नाही, पाय सतत हलवतो, घरभर येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, म्हणून एक गोळी जास्त देतात आणि त्रास आणखी वाढतो. गोळी जास्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खरा धोका आहे तो जोराचा ताप, लाकडासारखं ताठ झालेलं अंग, घामाने थबथबणं आणि बरळणं एकत्र आलं तर. हे क्वचित होतं, पण जीव जाऊ शकतो. पुढची गोळी देऊ नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. पावसाळ्यात आपण ताप म्हटला की मलेरियाच धरतो. तिथे डॉक्टरांना या गोळीचं नाव आधी सांगा. हृदयाचा आजार, गरोदरपण, म्हातारपणचा विसरभोळेपणा असेल तर तेही आधीच सांगायचं.

काही घरांत या औषधाचे थेंब चहात किंवा डाळीत गुपचूप घालतात. आईची लाचारी आम्हाला कळते, तरी हे आम्हाला पटत नाही. मान वळली तर त्याला कारणच कळत नाही, आणि तो चहा एखादं पोरही पिऊन जातं.

आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. पहिल्या झटक्यानंतरही साधारण वर्ष-दोन वर्षं ती चालते. तिचं व्यसन लागत नाही. सोडल्यावर आजार कधी कधी काही महिन्यांनी उलटतो, तेव्हा गोळी सोडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. मानसोपचाराचे डॉक्टर कुठे, कोणत्या वारी भेटतील ते केसपेपर काढतानाच विचारा. तिथे सोय नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, लोकलने थेट ठाणे. 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर दिवस-रात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला सरकारी उपचार मोफत आहेत, कार्ड हातात नसलं तरी. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. धुरी देणारा आपल्याच नात्यातला असला तरी.

तो मुलगा आता दुसऱ्या गोळीवर आहे आणि कामाला जातो. त्याच्या आईने गोळीचं नाव आणि डोस एका कागदावर लिहून रेशनकार्डात ठेवलाय, आणि पाकिटाचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये आहे. तुमच्याही घरी कुणाला अशी गोळी चालू असेल तर आजच एवढं करून ठेवा.