आधार माझा, निर्णयही माझा

अंघोळ केव्हा करावी, काय खावे, रात्री किती वाजता निजावे, या गोष्टींचा आपण क्वचितच विचार करतो. परंतु ज्याला अंथरुणातून उठण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या आयुष्यात याच गोष्टी सर्वांत मोठ्या होऊन बसतात. सेवा मिळते, पण दिवस आपला राहत नाही. या प्रश्नाला ज्यांनी स्वतःच उत्तर शोधले, त्यांच्या अनुभवांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात 'ल कोर्ट' नावाची अपंगांची निवासी संस्था होती. तेथील काही रहिवाशांनी १९७९ साली 'प्रोजेक्ट ८१' हा गट स्थापन केला. त्यांची मागणी साधी होती : आमच्या संस्थेतील वास्तव्यावर जो पैसा खर्च होतो, तोच आमच्या हाती द्या, आम्ही आमचे मदतनीस नेमू आणि स्वतःच्या घरात राहू. तेव्हाच्या कायद्यानुसार अशी रक्कम थेट व्यक्तीला देता येत नसे. म्हणून ती मध्यस्थामार्फत देण्याची वाट त्यांनी काढली. त्यांच्यापैकी जॉन इव्हान्स १९८३ साली संस्थेबाहेर राहावयास गेले. अशा अनेकांच्या प्रत्यक्ष जगण्याने जे सिद्ध झाले, त्याला ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्याने मान्यता दिली.

स्कॉटलंडने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे २०१३ साली मंजूर झालेला 'स्वनिर्देशित आधार' कायदा १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. गरजू व्यक्तीपुढे त्याने चार पर्याय ठेवले. पहिला, रक्कम स्वतः घेऊन मदतीची व्यवस्था स्वतः करणे. दुसरा, मदत कोणती व कोणाकडून हवी हे स्वतः ठरवणे, मात्र पैशांचा व्यवहार स्थानिक प्रशासनाकडे किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवणे. तिसरा, सर्व व्यवस्था प्रशासनावर सोपवणे. चौथा, या तिन्हींचा हवा तसा मेळ घालणे. तिसरा पर्यायही स्वखुशीने निवडलेला असावा, हे येथे महत्त्वाचे.

ही वाट सोपी नाही. मदतनीस नेमणारा मालक होतो. वेतन, रजा, हिशेब हे सारे त्याच्याकडे येते. मदतनीस अचानक आजारी पडला तर सकाळी उठवणार कोण, ही चिंता राहतेच. अशा वेळी माहितीपत्रकापेक्षा त्याच वाटेने आधी गेलेल्याचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. म्हणूनच या चळवळीत अनुभवकथनाला आणि परस्परांच्या सल्ल्याला मानाचे स्थान आहे.

आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक साहाय्याचा उल्लेखही केला आहे. तथापि आपल्याकडे ही जबाबदारी अजून मुख्यतः घरावर, आणि घरात आई, पत्नी, सून यांच्यावर पडते.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांची उत्तम व्यवस्था लावली. सकाळी सातला अंघोळ, आठला न्याहारी, नऊला औषध. सहा महिन्यांनी मी सहज विचारले, "दादा, काही कमी आहे का?" ते अडखळत म्हणाले, "मी जन्मभर कामावरून आल्यावर संध्याकाळी अंघोळ केली रे." घरात आम्ही पाच माणसे होतो. तोवर कोणीच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून अंघोळ संध्याकाळी होऊ लागली. खर्च एका पैशानेही वाढला नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून आरसा मागितला.

कायदे, निधी, योजना यांसाठी आग्रह धरलाच पाहिजे. परंतु त्याची वाट न पाहता एक गोष्ट आजच करता येते. आपल्या घरात, शेजारी, वस्तीत जो कोणी दुसऱ्याच्या आधाराने जगत असेल, त्याच्याजवळ बसावे आणि त्याचा दिवस त्याला कसा हवा आहे, हे विचारावे. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबावे. जे कळेल ते इतरांनाही सांगावे; कोणाच्या तरी घरात ते उद्या उपयोगी पडेल.