आतला छेद

माझ्या पोटावरचा व्रण आडवा आहे, वीतभरही नाही. पहिल्या सिझरनंतर चार वर्षं तो मी रोज पाहत होते आणि आतही तसंच असणार असं धरून चालले होते. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा पुण्यातल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा?" मी पोटाकडे बोट दाखवलं. "हा कातडीवरचा," त्या म्हणाल्या. "मला आतला हवाय. ऑपरेशनचे कागद आणा."

कागद नव्हते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी किंवा नोकरीच्या गावी. बाई हलते, कागद मागे राहतात. सातव्यात डोहाळजेवण उरकून मी तासगावला आईकडे गेले आणि आठवड्याच्या आत कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू होतं. जवळच्या दवाखान्यात रातोरात सिझर झालं. तेराशे ग्रॅमची लेक पहाटे ॲम्ब्युलन्समधून सांगलीला गेली आणि महिनाभर काचेच्या पेटीत राहिली. त्या दिवसांत माझ्या टाक्यांचा कागद कुणाच्या ध्यानात राहणार? पुढे आईच्या कपाटात डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर तारीख, 'सिझर', बाळाचं वजन आणि गोळ्यांची नावं. छेदाबद्दल एक अक्षर नाही.

ते का महत्त्वाचं, हे मॅडमनी केसपेपरच्या मागे पिशवीचं चित्र काढून समजावलं. एकच सिझर झालेलं असेल आणि छेद पिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवा असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी साधारण 60 ते 80 जणी नॉर्मल बाळंत होतात. आतला टाका उकलण्याचा धोका दोनशे जणींत एकीला, असं धरतात. छेद उभा, वरच्या जाड भागापर्यंत गेलेला असेल, तर तो धोका कितीतरी पटींनी वाढतो. मग कळांची वाटच पाहायची नसते. बाळ कमी दिवसांचं आणि त्यात पायाळू असलं, की खालचा भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून कधी कधी उभा छेद घ्यावा लागतो. म्हणजे शंका घ्यायला जागा माझ्याच बाबतीत होती.

मी त्याच आठवड्यात तासगावला जायला हवं होतं. त्याऐवजी रोज चालत राहिले, श्वासाचे व्यायाम शिकले, वजन सांभाळलं, सिझरनंतर नॉर्मल झालेल्या बायकांना शोधून फोन केले. यातलं काही चुकीचं नव्हतं. पण कागदाचं काम मी आईवर टाकलं, "सवडीने जाऊन ये" म्हणून. आठव्या महिन्यात कळलं की डॉक्टर निवृत्त झालेत, दवाखाना बंद आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने मागितले की 72 तासांत द्यायचे असतात. माझी लेक चार वर्षांची झाली होती.

मॅडमनी जोखीम घेतली नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. सदतिसाव्या आठवड्यात तारीख ठरवून दुसरं सिझर झालं. भूल कमरेखालची होती, मी जागी होते. हिरव्या पडद्यापलीकडून मॅडमचा आवाज आला, "आडवाच आहे. छान जुळलाय." मग मुलाचं रडणं ऐकू आलं. मुलगा सुखरूप आला, याहून मोठं काही नाही. तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून कळकळीने सांगते. सिझर झालेल्या प्रत्येकीने, पुढचं मूल मनात असो वा नसो, ऑपरेशन नोट्सची प्रत मागून घ्यावी. डिस्चार्ज कार्ड वेगळं, या नोट्स वेगळ्या. सिझर कशासाठी केलं, गर्भाशयावरचा छेद कुठे आणि कसा घेतला, तो वाढवावा लागला का, एवढं त्यात आहे ना, हे तिथेच वाचून पाहा. तोंडी मागून मिळाली नाही, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कागदाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्येही असू द्या.

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात तो कागद होता. तिचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं, पण पायाळू, म्हणून सिझर झालेलं. या वेळी बाळाचं डोकं खाली होतं, म्हणजे पहिलं कारण उरलं नव्हतं. दोन बाळंतपणांत जवळजवळ तीन वर्षांचं अंतर होतं. ते दीड वर्षाच्या आत असलं तर टाक्याची भीती वाढते. वार जुन्या छेदावर नाही ना, हे सोनोग्राफीत पाहून झालं. गल्लीतल्या दवाखान्याने मात्र नकार दिला. ती नाराज झाली, पण मला तो प्रामाणिकपणा वाटला. रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर आणि रक्त हाताशी नसेल, तर तिथे हा प्रयत्न करूच नये. तिने मोठं हॉस्पिटल गाठलं.

कळा आपोआप येऊ द्यायच्या असं ठरलं, कारण औषधाने कळा आणल्या की धोका वाढतो. नववा भरताच तिच्या सासूबाईंनी मायेने एरंडेल काढून ठेवलं होतं. मी हात जोडून ते परत कपाटात ठेवायला लावलं. कळा घरी सोसत बसायचं नाही, हेही आधीच बोलून ठेवलं होतं. पहिली नियमित कळ आली आणि आम्ही रिक्षात बसलो.

लेबर रूममध्ये बाळाच्या ठोक्यांचा पट्टा रात्रभर तिच्या पोटावर होता. ठोके बिघडणं ही टाका उकलण्याची बहुतेकदा पहिली खूण असते. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन एकच विचारायच्या, "ताई, कळ गेल्यावर दुखणं पूर्ण थांबतं ना? की मध्येही दुखत राहतं?" बहीण दर वेळी नीट विचार करून उत्तर द्यायची. समोरच्या ऑपरेशन थिएटरचा दिवा चालू होता, रक्त काढून ठेवलेलं होतं, आणि लागलं तर सिझरला तिची तयारी होती. ते तिने संध्याकाळीच सही करून सांगितलं होतं. पहाटे सव्वापाचला मुलगी झाली, नॉर्मल.