मेंदूची दुखापत आणि घर : झासेत्स्कीच्या निमित्ताने

मेंदूच्या दुखापतीची ओळख आपल्याला होते ती क्रमिक पुस्तकातल्या आकृतीवरून. पुढचा खंड नियोजनाचा, मागचा दृष्टीचा, कानाजवळचा श्रवणाचा, अशी वाटणी पाठ केली की परीक्षेपुरते काम भागते. आकृतीत एक गोष्ट मात्र कधीच दाखवलेली नसते. ज्याच्या मेंदूला मार लागला तो माणूस जखम भरल्यावर इस्पितळातून घरी येतो, आणि त्याच्या सुधारणेची खरी वर्षे स्वयंपाकघर आणि अंगण यांच्यामध्येच जातात. या वर्षांची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. एका रशियन सैनिकाने ती स्वतःच ठेवली, म्हणून त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

झासेत्स्की हा युद्धापूर्वी तांत्रिक शिक्षण घेणारा हुशार विद्यार्थी होता. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले होते आणि निरक्षर आईने कष्टाने मुले वाढवली होती. पदवी दृष्टिपथात आली असताना युद्ध सुरू झाले. २ मार्च १९४३ रोजी आघाडीवर एक गोळी त्याच्या डोक्यात शिरली. तेव्हा त्याचे वय होते २३. मेंदूच्या डाव्या अर्धगोलात वरचा आणि मागचा भाग जेथे एकमेकांना भिडतात, तेथे ही जखम झाली. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस उरल पर्वताच्या परिसरातील पुनर्वसन रुग्णालयात त्याची आणि अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञाची गाठ पडली. लुरिया (१९०२-१९७७) हे व्हिगॉट्स्कीचे सहकारी. दोघांचा संबंध पुढे सुमारे तीस वर्षे टिकला, आणि त्यातून १९७१ साली एक छोटे पुस्तक निघाले. १९७२ मध्ये ते 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड' या नावाने इंग्रजीत आले. त्यात काही पाने शास्त्रज्ञाची आहेत, बरीचशी रुग्णाची. अशी भागीदारी मानसशास्त्राच्या वाङ्मयात दुर्मिळच म्हणावी लागेल.

या माणसाचे गेले काय? दृष्टीचा उजवा अर्धा भाग गेला. पान समोर धरले तर दोन-तीन अक्षरांपलीकडे काही दिसत नसे, आणि तीही क्षणात विरून जात. स्वतःच्या शरीराची उजवी बाजू तो विसरे. कधी डोके टेबलाएवढे मोठे झाल्यासारखे वाटे, तर कधी धड अगदी लहान. वस्तू दिसे, तिचे नाव येत नसे. नाव ऐकले तर वस्तू डोळ्यांपुढे उभी राहत नसे. रुग्णालयाच्या कार्यशाळेत सुई-दोरा हाती दिला, तर त्यांचे करायचे काय हे न उमजून तो नुसता बघत बसला. वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. एक अक्षर आठवायचे तर त्याला सारी वर्णमाला पहिल्यापासून म्हणत यावे लागे.

भाषेच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे अशी जागा यापुढे आहे. झासेत्स्कीला सुटे शब्द हळूहळू कळू लागले, पण शब्दांमधले नाते कळेना. लुरियांनी त्याला 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक विचारला. वडील ठाऊक, भाऊ ठाऊक, पण दोहोंना जोडणाऱ्या प्रत्ययापाशी त्याचे गाडे अडे. हत्ती माशीपेक्षा मोठा की माशी हत्तीपेक्षा मोठी? हत्ती केवढा आणि माशी केवढी हे त्याला माहीत होते. तरी दोन वाक्यांतले बरोबर कोणते, ते सांगता येईना. वर्तुळ चौकोनाच्या वर की खाली, हाही असाच घोटाळा. दिशा, स्थान, तुलना आणि व्याकरणातला संबंध या सगळ्यांना मेंदूत कोठेतरी एकच आधार लागतो, असा निष्कर्ष लुरियांनी यावरून काढला. कारण हे सारे घटक एका वेळी, एकत्र, मनापुढे मांडून धरावे लागतात. रशियन भाषा आपल्यासारखीच विभक्तिप्रत्ययांची आहे, म्हणून हा प्रयोग मराठीत आणताना फारशी ओढाताण होत नाही. 'चा-ची-चे' हा शाळेत कंटाळवाणा वाटणारा विषय एखाद्याच्या आयुष्यातून निघून गेला तर काय होते, ते येथे दिसते. (जाता जाता एक शंका. आपल्याकडे वडिलांच्या भावाला काका, आईच्या भावाला मामा, वडिलांच्या बहिणीला आत्या असे एकेक स्वतंत्र नाव आहे. नाते उलगडून सांगण्याऐवजी एका शब्दात बांधून ठेवणारी ही पद्धत अशा रुग्णाला सोयीची ठरेल काय? कोणीतरी तपासून पाहण्यासारखी गोष्ट आहे.)

लेखन त्याला परत मिळाले ते अनपेक्षित वाटेने. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितले, अक्षरांचा विचार करू नकोस, कागदावरून हात न उचलता शब्द सलग लिहून टाक. शब्द दिला 'रक्त'. त्याने लिहिला, आणि लिहिलेले वाचता येत नसतानाही तो बरोबर होता. अक्षर डोळ्यांपुढे आणून ते लिहिण्याची वाट बंद झाली होती. पण लहानपणापासून हाताला जडलेली लय शाबूत होती. लुरियांच्या विचाराचा गाभा येथे आहे. कोणतेही मानसिक कार्य मेंदूच्या एका कप्प्यात बंद नसते; अनेक भाग मिळून ते पार पाडतात. एक भाग नाहीसा झाला की बाकीच्यांच्या साहाय्याने तेच काम दुसऱ्या रीतीने करायला शिकता येते. दुखापतीनंतरच्या पहिल्या महिन्यांत सूज उतरते, दबलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात आणि बरीच सुधारणा आपोआप होते. त्यानंतरची सुधारणा ही या आडवाटांची असते, म्हणूनच ती फार सावकाश होते.

ही आडवाट धरून झासेत्स्कीने सुमारे पंचवीस वर्षांत तीन हजार पाने लिहिली. एखादा शब्द आठवण्यासाठी त्याला तासन्‌तास बसावे लागे. एक पान हे पुष्कळ मोठे काम होते. लिहिलेले पुन्हा वाचणे त्याहून अवघड. या वहीला आधी त्याने भयंकर दुखापतीची कहाणी अशा अर्थाचे नाव दिले, पुढे ते बदलून मी लढत राहीन अशा अर्थाचे केले. एका माणसाच्या दुर्दम्य इच्छाशक्तीची गाथा म्हणून हे पुस्तक नावाजले गेले, ते योग्यच झाले. पण दुसऱ्यांदा वाचताना वाटते की गाथेत जागा एकालाच मिळाली आहे.

झासेत्स्की परतला तो तूला प्रांतातल्या कझानोव्का या आपल्या लहान गावी, आई आणि बहिणींच्या घरी. तेथे तो लाकडे फोडू पाहतो. ओंडका उभा करतो, कुऱ्हाड उचलतो, आणि घाव भलतीकडेच पडतो. घरातले साधे काम सांगितले तरी त्यातले शब्द वेगाने निघून जातात. घराबाहेर थोडे फिरायला गेला तर परतीची वाट सापडत नाही, लहानपणापासूनचे गाव परके दिसते. हे सारे तो स्वतःच्या बाजूने लिहितो. कुऱ्हाड चुकल्यावर उरलेली लाकडे कोणी फोडली, तो बाहेर पडला की दाराकडे कोणाचे लक्ष लागून राही, वही घेऊन बसलेल्या तरण्या मुलासाठी चूल कोणी पेटती ठेवली, हे पुस्तकात फारसे येत नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. एकेक शब्द ज्याला खणून काढावा लागतो त्याने घरातल्यांचे वर्णन करावे, ही अपेक्षाच गैर. परंतु शास्त्रीय पुस्तकानेही त्यांच्याकडे ओझरतेच पाहिले, ही मला त्याची उणीव वाटते. ती तीन हजार पाने लिहायला जो निवांतपणा लागला तो कोणीतरी पुरवला होता. नवऱ्याच्या पाठीमागे एकटीने मुले वाढवणाऱ्या आणि ज्याच्यावर संसाराची मदार ठेवायची तोच मुलगा असा परत आलेल्या बाईने तो पुरवला. आणि तो काय लिहितो आहे हे तिला वाचता येत नव्हते.

झासेत्स्कीचा अग्रखंड वाचला होता, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. आपले काय हरवले आहे ते त्याला पुरते कळत होते, म्हणून त्याला यातना झाल्या आणि म्हणूनच तो झगडू शकला. अग्रखंडाला इजा झालेल्यांची गोष्ट वेगळी. बोलणे-चालणे ठीक असते, पण पुढाकार जातो, संयम जातो, आणि पुष्कळदा आपल्यात काही बिघडले आहे याची जाणीवच नसते. घरच्यांना हे अधिक जड जाते, कारण आजार दिसत नाही आणि स्वभावच वाईट झाला असे वाटू लागते. याचे प्रसिद्ध उदाहरण फिनिअस गेजचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत व्हर्मांट राज्यात रेल्वेच्या कामावर सुरुंगाची लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. पूर्वीचा गेज उरला नाही असे त्याचे मित्र म्हणाले, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तेथेच पूर्णविराम देतात. वास्तविक तो त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक जगला. चिली देशात त्याने अनेक वर्षे घोडागाडी हाकली. हे ठरलेल्या वेळेचे, लक्ष देऊन करायचे काम होते. म्हणजे पहिल्या दिवसांतला गेज आणि नंतरचा गेज यांत फरक पडला असला पाहिजे. प्रकृती ढासळल्यावर तो कॅलिफोर्नियात आईकडे आला आणि १८६० मध्ये तेथेच वारला. त्याचे डॉक्टर हार्लो यांना या उत्तरायुष्याची माहिती मिळाली ती आईकडून. भाच्या-पुतण्यांना तो आपल्या पराक्रमाच्या अद्‌भुत गोष्टी रचून सांगे, मुले, घोडे आणि कुत्री यांचा त्याला लळा होता, हे तिने सांगितले म्हणून आज कळते.

अशा घराने करावे काय, याचे उत्तर बरेचसे इजेच्या जागेवर अवलंबून आहे. झासेत्स्कीसारख्याच्या बाबतीत लुरियांच्या प्रयोगांतून एक उपयुक्त गोष्ट निघते. ज्या वाक्यात शब्दांचा क्रम आणि घटनांचा क्रम एकच असतो ते अशा रुग्णाला त्यातल्या त्यात सोपे जाते. क्रम उलटला की तो चुकतो. मराठीत 'जेवल्यावर गोळी घे' यात आधी जेवण, मग गोळी, जसे बोललो तसे घडायचे. 'जेवण्यापूर्वी गोळी घे' यात जेवण आधी उच्चारले, पण करायचे नंतर. निरोगी माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. अशा रुग्णाला मात्र 'आधी गोळी घे' एवढेच सांगावे, ती घेईपर्यंत थांबावे, आणि मग 'आता जेव' म्हणावे. एका वेळी एक काम, एक छोटे वाक्य. आठवत नसलेला शब्द लगेच तोंडात भरवण्याची घाई नको, कारण शोधण्याचा तो खटाटोप हाच त्याचा व्यायाम असतो. फार दमला तर मात्र सांगून टाकावा. कधी थांबायचे आणि कधी सांगायचे, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. रोज जवळ वावरणाऱ्याला ते चेहऱ्यावरून कळू लागते.

झासेत्स्की १९९३ साली वारला. म्हणजे गोळी लागल्यानंतर पन्नास वर्षे तो त्या मेंदूसह जगला, आणि त्यांतली रुग्णालयातली वर्षे फारच थोडी होती.