पडद्यावरचं गीत गायब झालं तर : लॅपटॉप आणि प्रोजेक्टरचा बिघाड कसा शोधावा

तिसगाव-पाथर्डी भागात रविवारच्या उपासनेत लॅपटॉप सांभाळायचं काम हल्ली तुमच्यापैकीच कुणाकडे तरी असतं. ‘पोरांना कळतं त्यातलं’ म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. मग दुसऱ्या कडव्याला भिंत निळी पडते, पेटी-तबला चालू राहतो आणि सगळी मंडळी मान वळवून तुमच्याकडे बघायला लागते.

हा प्रसंग साधा नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, पण त्यांची पदं आजही गायली जातात. ही पदं लोकांनी वर्षानुवर्षं ‘उपासना संगीत’ हातात धरून किंवा पाठ करून म्हटली. आजीला पुस्तक लागत नाही, तिचं सगळं पाठ असतं. पण ज्यांना पडद्यावर वाचायची सवय लागली त्यांचं ना पाठ, ना पुस्तक जवळ. पडदा गेला की त्यांचं गाणंच थांबतं. म्हणून बिघाड कुठे आहे हे पटकन ओळखता आलं पाहिजे.

विहिरीवरची मोटार चालू आहे, पण शेताच्या टोकाला पाणी येत नाही. शेतकरी काय करतो? आधी मोटार बघतो, मग पाईप, मग कॉक. एका वेळी एकच गोष्ट तपासतो. चित्राचंही तसंच आहे. ते लॅपटॉपमधून निघतं, केबलमधून जातं आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर पडतं. तीनच टप्पे. घाईत केबल हलवली, लॅपटॉप बंद केला, रिमोटची चार बटणं दाबली, तर नेमकं कशाने सुरू झालं हे कधीच कळत नाही आणि पुढच्या रविवारी तोच गोंधळ होतो.

सगळ्यात आधी भिंत वाचा. भिंतीवर काय दिसतं यावरूनच निम्मा शोध लागतो.

भिंतीवर उजेडच नाही आणि प्रोजेक्टरचा दिवाही लागत नाही, तर लॅपटॉपला हात लावू नका. बोर्डाचं बटण, एक्स्टेन्शन आणि मागची पिन बघा. लाईट जाऊन आली असेल तर प्रोजेक्टर थोडा गार झाल्याशिवाय दिवा पेटवत नाही, तेव्हा दोन-तीन मिनिटं थांबा.

‘नो सिग्नल’ अशी अक्षरं दिसली, तर प्रोजेक्टर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबा. केबल एचडीएमआयला लावलेली आणि प्रोजेक्टर व्हीजीएवर वाट बघत बसलेला, हे फार वेळा घडतं. तिथे बरोबर असेल तर लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून पी दाबा. चार पर्याय येतात. त्यातला ‘डुप्लिकेट’ घ्या. पहिलाच पर्याय, म्हणजे ‘पीसी स्क्रीन ओन्ली’, चालू राहिला असेल तर बाहेर काहीच जात नाही. ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. त्यामुळे दान म्हणून मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवरही ती बहुधा असतेच.

‘आऊट ऑफ रेंज’ किंवा ‘नॉट सपोर्टेड’ आलं, तर चित्र पोचलंय, पण प्रोजेक्टरला झेपत नाही. केबल लावल्याबरोबर लॅपटॉप प्रोजेक्टरला विचारतो, ‘तुला किती मोठं चित्र चालतं?’ प्रोजेक्टर उत्तर देतो. हे बोलणं केबलमधल्या एक-दोन बारीक तारांवरून होतं. त्या तारा खराब असल्या की लॅपटॉप अंदाजाने चित्र पाठवतो. अशा वेळी डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्युशन कमी करा. जुन्या प्रोजेक्टरला १०२४ × ७६८ सहसा चालतं.

भिंतीवर चित्र आहे पण रंग विचित्र आहे, हा प्रकार मला शिकवायला सगळ्यात आवडतो, कारण यात विज्ञानाचा धडा आयता मिळतो. निळ्या डोक्याच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांच्या जागा असतात. त्यातली १ नंबरची पिन लाल रंग नेते, २ नंबरची हिरवा आणि ३ नंबरची निळा. आता सांगा, सगळं चित्र पिवळं दिसतंय तर काय तुटलं? लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो, म्हणजे निळा पोचत नाही. गुलाबी-जांभळं दिसलं तर हिरवा गेला. आकाशी दिसलं तर लाल गेला. केबल काढून टोकाकडे नीट बघा, एखादी पिन वाकलेली सापडेल. मघाचं विचारपूस करणारं बोलणं १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून चालतं. मात्र ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींमध्ये मुळातच नसते, ती शोधत बसू नका. एचडीएमआयचा रंग असा बिघडत नाही. तिथे चमचमते ठिपके येतात किंवा एकदम काळोख. केबल छतावरून फिरवून फार लांब नेली असेल तर संशय तिच्यावरच घ्या.

कनव्हर्टरबद्दल एक सांगून ठेवतो. तो एकाच दिशेने चालतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल, तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ हवा. उलटा आणला तर दोन्ही टोकं बसतील, चित्र येणार नाही.

कधी उलटं होतं. भिंतीवर गीत छान दिसतं, पण लॅपटॉपचाच पडदा काळा. मोबाईलची बॅटरी पडद्यावर तिरकी मारा. अंधुक चित्र दिसलं तर मागचा दिवा गेलाय. झाकण हलवल्यावर चित्र येतं-जातं असेल तर बिजागरीतली केबल खराब आहे. दोन्ही कामं दुकानदाराची, पण आजची उपासना अडत नाही. भिंतीकडे बघून बाणाच्या कळांनी पुढची स्लाईड घ्या.

आता आपल्या मराठीचं खास दुखणं. केबल ठीक, प्रोजेक्टर ठीक, आणि भिंतीवर गीताऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा काला! पुष्कळ गीतं जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप झालेली आहेत. त्या फाईलमध्ये खरं म्हणजे ‘क’ साठवलेलाच नसतो. एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’चं रूप देतो. दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठेही ‘क’च राहतो. जुनी गीतं कनव्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नंतर एकेक ओळ पुस्तकाशी ताडून बघा, कारण रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात. एवढा वेळ नसेल तर जिथे गीत नीट दिसतं त्या लॅपटॉपवरच पीडीएफ करून घ्या. अक्षरांचं रूप पीडीएफमध्ये सोबत जातं. माझ्या मते चर्चच्या तरुण संघाने सुट्टीत हेच एक काम हातात घ्यावं. नवा प्रोजेक्टर घेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

अक्षरं फिकी दिसतात अशी तक्रार असेल, तर खिडकी बघा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. भिंतीवर ऊन पडलं असेल तर तिथे काळं काहीच उरत नाही. समोरच्या खिडकीला जाड पडदा लावा आणि एका स्लाईडवर चारच ओळी ठेवा.

उपासना चालू असताना बिघाड झाला, तर आधी पॉवरपॉईंटमध्ये बी दाबा, पडदा काळा होईल. तुमचं डेस्कटॉप आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मंडळीला कशाला दाखवायचे? पाळकांना हाताने खूण करा, म्हणजे ते पुढची ओळ बोलून सांगतील आणि गाणं चालू राहील. ही खूण आधीच ठरवून ठेवा. मग सोर्स, विंडोज आणि पी, केबल, याच क्रमाने बघा. एका गीताच्या वेळेत जमलं नाही तर सोडून द्या, पुस्तकांवर चालू द्या. प्रार्थनेच्या वेळी तर कळफलकाला हातच लावू नका.

बाकीचं शनिवारी. त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, पहिल्या गीतापासून शेवटच्यापर्यंत स्लाईड फिरवून बघा. स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद करा. चार्जर लावून ठेवा. जादा केबल पेटीत असू द्या, कारण ऐन रविवारी सकाळी नगरला कोण जाणार? आणि उपासना संपल्यावर प्रोजेक्टर रिमोटने बंद करा. आतला पंखा थांबेपर्यंत बोर्डाचं बटण बंद करू नका, नाहीतर दिव्याचं आयुष्य कमी होतं.